नाथाजीच्या घरचं भात

नोव्हेंबर १९९९, दुपारचे साडेबारा. शिराळ्याजवळच्या भात प्रयोग केंद्राचे प्रमुख डॉ. रविराज यांची खोली. समोर मी, सांगलीच्या दैनिकाचा बातमीदार.

—घोटाळा काय म्हणता, शास्त्र म्हणा शास्त्र! चहा घ्या आधी. तो शेतकरी नाथाजी सांगतो ते खरंय, आम्ही वाटलेल्या बियाण्याला दाणा बारका आलाय. येणारच! त्या वाणाचा गुणच तो. पेशीच्या दाराशी एक प्रथिन असतं बघा, बाहेरचा निरोप आत नेणारं — आमच्या शिपायासारखं. तेच मोडकं असलं की वाढीचा निरोप पोचत नाही. रोप खुजं, दाणा गोल नि बारीक. जपान्यांनी हे यंदा छापलं, आम्ही गेल्या साली लावलं होतं! नाथाजीच्याच वावरात — निम्म्यात आमचं खुजं, निम्म्यात त्याच्या घरचं लांब दाण्याचं. तुलनेला. सगळं पीक मोजायला इकडं आणलं, बी परत देतो म्हणालो—

मोजलं की. खुजं मोजलं. दुसरं... त्याच आठवड्यात पुण्याहून संचालक आले हो. त्यांना काय रेशनचा भात वाढायचा? वास बंगल्याबाहेर येत होता! साहेबांनी तीनदा घेतला. उरलेलं पोतं त्यांच्या गाडीत... हे लिहू नका.

मग मे महिन्यात वाटायला कोठारात राहिलं काय? खुजंच. खुजं भात वाऱ्यात लोळत नाही, म्हणून पिशवीवर 'सुधारित' छापलं — वाटपाचं उद्दिष्ट पुरं नको करायला? पल्लवी, आमची सहायक, म्हणाली होती, सर, हे वाटू नका. हुशार मुलगी. आता कोयनानगरला असते, पाऊस मोजते.

आणि नाथाजीचं मागणं तरी काय? 'आवं सायेब, भरपाई नगं मला. माझं बी द्या. पोतं न्हाई, मूठभर द्या, मी वाढीवतो.' मूठभर! आणू कुठनं? शेजारीपाजारी? त्याच्याशिवाय ते भात कुणी लावतच नव्हतं, म्हणून तर आम्ही निवडलं—

काय? संचालकांकडं गेलेलं पोतं? अहो, गिरणीतून काढून दिला होता, पांढराशुभ्र. तांदूळ कुठं उगवतो? ... या तुम्ही आता.