तिसऱ्या पावलाला टाळी

—न्हाय वो पावणं, दार ढकलू नगासा, आत परीक्षा चाललीया — बसा की हितंच, व्हरांड्यात. माझी नात हाय आत, मोना, तिसरीत हाय. एकेका पोराला टेबलापाशी उभं करून वाचायला लावत्यात, पाढं इचारत्यात. तिचा नंबर आता येईल. सकाळपासनं च्याचा घोटबी उतरला न्हाय. का म्हणून इचारतासा? पोरगी अडखळती वो. बोलाय गेली की पयलं अक्षर व्हटातच रुतून बसतंय. दोन वर्सं ह्या शाळंत काढली, खरं सोताचं नाव न्हाय सांगितलं कुणाला. पोरं 'म-म-म' करून चिडवायची, आन् ही दप्तरात तोंड खुपसून बसायची.

मग त्या बाई आल्या, संयोगिता मॅडम, गारगोटीकडच्या. त्यांनी काय करावं? बाकं भिंतीला लावली आन् पोरास्नी नाचायला लावलं! व्हय, नाच — भर शाळंच्या वक्ताला. तिनाचा पाढा म्हंजी पावलं टाकत मोजायचं आन् दर तिसऱ्या पावलाला टाळी — तीन, सहा, नऊ. वाचायचं म्हंजी एका अक्षराला एक पाऊल. आन् मोना बोलली वो! पायासंगं शब्द सुटाय लागलं तिचं. 'मो'ला डावा पाय, 'ना'ला उजवा — पुरं नाव, सगळ्या वर्गाफुडं. हे मला तवा कुठं ठावं? घरात पुस्तक मांडीवर घिऊन बसायची आन् पाय आपटायची, मी फाटकन मारायची — काय येड्यावानी पाय हालीवतीस म्हणून. ती वाचत हुती वो पावणं. आन् मी त्याच पायावर मारत हुती.

एकदा ह्या खिडकीतनं बघितलं, तर पोरांच्या रांगंत ही गिरक्या घेतीया. माझं डोस्कंच फिरलं. म्हटलं, एक तर पोरगी अडखळती, त्यात चिमणाबाईची नात नाचती म्हणून गावात झालं तर उद्या हिला पत्करणार कोण? — आता पंचमीला आम्ही झिम्मा घालतोच की, ऊर फुटंस्तवर घालतो, खरं ते येगळं... येगळं कसं ते मलाबी आता सांगता येईना. तर गावानं वर कोल्हापूरला अर्ज दिला — मॅडम शिकवत न्हाईत, पोरास्नी नुसतं नाचीवत्यात म्हणून. गावानं म्हंजी... गावच की. सत्तावीस सह्या हाईत. अवो, सकाळी डेरीत दुधाच्या लायनीत कोण वाचतंय? एका हातात किटली, दुसऱ्या हातात पेन दिलं की करत्यात सही. तानाबाईला तर वाटलं पाण्याच्या टाकीचा अर्ज हाय. मीबी तिला सांगितलं न्हाय — म्हंजी ज्यानं कुणी फिरीवला, त्यानं सांगितलं न्हाय.

तीन आठवडं झालं, नाच बंद. बाकं परत मांडली. आन् पोरगी मुकी झालीया वो! तहान लागली तर तांब्याकडं बोट करती. काल रातच्याला तिच्या पाया पडायचीच तेवढी ऱ्हायली मी — म्हटलं, बाळा, हालीव की गं पाय, आजी न्हाय मारणार, वाच की एक ओळ. तर तिनं माझ्याकडं बघितलं, आन् दोनी पाय मांडीखाली दाबून बसली. काळीज फाटलं बघा. आन् आता म्हणं कोल्हापूरनं सायब येणार, चौकशी करून मॅडमची बदली करणार. बाई गेली तर हिला बोलतं कोण करंल? मला लई भ्या वाटतंय वो. सारखं वाटतंय, ही जल्मभर अशीच ऱ्हाणार, आन् ते माझ्या हातानं...

थांबा! तिचं नाव पुकारलं. ऐका... काय ऐकू येतंय? मला तर काय येईना. उभी ऱ्हायलीया नुसती. पोरं हसत्यात. पाय उचल की गं माझे बाई, एकदा तरी उचल — आन् तुमी ही फाईल कशाला उघडतासा आता? ह्यो कागद... ह्यो तर आमचा अर्ज. अगं आई गं. तुमीच व्हय ते सायब? मग मगापासनं मला बोलू का दिलंसा? खोटं हाय वो त्यातलं, सगळं खोटं हाय, फाडून टाका की! काय? फाडता येत न्हाय? जिनं पयली सही केलीया तिनंच मागं घ्यायचा? आत येऊन, मॅडमफुडं, पोरांफुडं, तोंडानं सांगायचं?

व्हय, सांगती की. सांगती. मोना बघतीया माझ्याकडं... चला आत. काय सांगायचं पयल्यांदा? नाव? माझं नाव... माझं नाव चि... चि...