मोठाल्या आकड्यांचा कागद

(मानोऱ्यात बसस्टँडजवळचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. दुपारचे चार वाजत आलेत. कॉम्प्युटरपुढे निता, बाजूच्या स्टुलावर तिचे वडील, दुकानाचे मालक उदयसिंग, बाकड्यावर तांड्यावरच्या कमलीबाई.)

निता : बाबा, हे असं किती दिवसापासून हाय?

उदयसिंग : कसं?

निता : असं! सारे अक्षरं पान्यात भिजल्यावानी दिसून राह्यले. पाच मिनिटं पाह्यलं तं माहं डोकं चढलं.

उदयसिंग : मॉनिटर जुना झाला असंल. चालाचंच.

निता : दोन वर्षं नाई झाले घेऊन. आन् कोपऱ्यात हे लाल कायचं?

उदयसिंग : कुंकू. दसऱ्याले मशीनची पूजा केली.

निता : स्क्रीनले कुंकू लावलं?

उदयसिंग : मंग कुठं लावू? टेबलाच्या पायाले? घर चालते आपलं याच्यावर.

निता : आन् पुसलं कशानं?

उदयसिंग : खोबऱ्याच्या तेलानं. पान्यानं निंगतच नोतं.

निता : अरे देवा! वाशिमच्या कॉलेजातून आठ दिवसांसाठी घरी आली मी, आन् इथं येऊन काय पुसतो, तं तेल! द्या ते फडकं.

कमलीबाई : पोरी, माह्यं काम आज होते ना? उद्या सकायी टोळीची गाडी निंगते ऊसतोडीले. गुरुजीनं समीक्षासाठी वसतिगृहात जागा धरून ठेवली हाय. म्हने, फॉर्म बरोबर करून आना, पोरगी इथंच राहीन. नाई तं मायबापासंगं फडात. मागच्या साली बी सहा महिने शाळा बुडाली नातीची.

निता : काकू, पाच वाजेपर्यंत साइट चालू हाय. पन मले दिसलं तं पाह्यजे! तेल निंगालं, तरी तसंच हाय. बाबा, मागची वायर दाबा बरं.

उदयसिंग : दाबली.

निता : तसंच. दुसरी दाबा.

उदयसिंग : दाबली न बाप्पा! त्याले दाबून दाबून काय होते? नवा आनू दिवाईले.

निता : नवा कायले आनता? थांबा, सेटिंग पायतो... हं! हे कोनं केलं? पडद्याचं माप बदललं कोनीतरी. मॉनिटर ज्या मापाचा हाय, त्याच मापावर ठेवा लागते त्याले. इथं तं पार खाली आनून ठेवलं. मंग लहान चित्र ताणून मोठं दाखवते ते, म्हून सारं फाटून जाते. रेकमेंडेड लिहून हाय न, त्याच्यावर क्लिक. बस! एवढ्यासाठी अर्धा घंटा गेला माहा.

कमलीबाई : बया! समीक्षाचा फोटो कसा चमकला. नाकातली चमकी बी दिसते.

निता : पाह्यलं, बाबा?

उदयसिंग : हो, हो. एकदम लख्ख.

निता : हे पाहा, फॉर्म वापस आला आधार नंबरपायी. कुठंतरी आकडा चुकला. काकू, कार्ड द्या.

कमलीबाई : हे कार्ड. आन् हा कागद बी घे.

निता : हे काय? अख्ख्या पानावर नुसते बारा आकडे? स्केचपेननं? वहीचं पान कायले वाया घालवलं, काकू? कार्डावर हायच न.

कमलीबाई : असू दे पोरी. ठेव जवय.

निता : बाबा, मी कार्ड धरतो. तुमी स्क्रीनवरचा नंबर वाचा, मी ताडून पायतो.

उदयसिंग : तूच वाच न दोन्ही.

निता : अवो, वाचा न! टाइम चालला.

उदयसिंग : चार... सात... शून्य... आठ...

निता : सहा हाय तो, बाबा. शून्य नाई.

उदयसिंग : चष्मा घरी राह्यला.

निता : चष्मा तुमच्या नाकावर हाय. ...माप तुमीच बदललं न?

उदयसिंग : मले कुठं येते ते. त्या मोबाइलवाल्या गोविंदाले म्हटलं, अक्षरं मोठे करून दे. त्यानं करून देल्ले. तुले अंधुक दिसे, मले तेवढंच दिसे.

निता : आन् तेवढंही पुरलं नाई! कार्डावर तीन हाय, तुमी आठ टाकला. एका पोरीचं साल वाया चाललं होतं, बाबा! वाशिमच्या डॉक्टरनं कधीचं सांगितलं, डोयाचं ऑपरेशन करून टाका. तं तुमी काय म्हनता? सोयाबीन निंगू दे. मंग म्हनता, थंडी जाऊ दे. आता काय जायाचं राह्यलं?

उदयसिंग : हळू बोल जरा. लोकायले मालूम झालं तं कोन येईन दुकानात? आंधळ्याच्या हातानं कोन फॉर्म भरते?

निता : मले राग येऊन राह्यला तुमचा. लय राग येऊन राह्यला. ...आठ काढला, तीन टाकला. सबमिट. थांबा... फिरून राह्यलं... झालं! घ्या काकू, ही पावती. आताच्या आता गुरुजीले नेऊन द्या.

कमलीबाई : झालं? खरंच झालं? मंग पोरीचं बोचकं गाडीतून उतरवा लागते. सकायपासून बांधून बसली हाय, रडून राह्यली नुसती.

निता : काकू, बाबाले माफ करा. चूक त्याइची हाय.

कमलीबाई : नाई व, गलती माही. त्या दिवशी घाईत नुसतं कार्डच घेऊन आली. तांड्यावरचे सारे कागदावर मोठाले आकडे लिवून आनतात भाऊसाठी. मीच इसरली.

उदयसिंग : सारे?

कमलीबाई : सारे. दोन साल झाले. दुसऱ्या दुकानात कायले जाव, भाऊ? तिथं कोनी बस बी म्हनत नाई.

उदयसिंग : ...निता, वाशिमची सकायची एसटी कितीले हाय?