पहिल्या रविवारचा रस

(नवागाम या गुजराती मुलखातल्या मराठी वस्तीतली एक खोली. शनिवारची दुपार. सासू धुरपदाबाई पलंगावर बसलेली, सून वर्षा हातात मोबाइल घेऊन उभी.)

वर्षा : आणि हा फोटो बघा! मंगलाबाई. गुलाबी साडी, हातात ट्रे. खाली काय छापलंय, वाचू? ‘प्रभुभोजनाचा रस आणि बेखमीर भाकर बावीस वर्षं निष्ठेनं तयार करणाऱ्या भगिनी.’ अहो आत्याबाई, त्या बाईंनी एक मनुका तरी कधी पाण्यात बुडवलाय का?

धुरपदाबाई : हळू बोल वं माय. भिताडले कान शेतस.

वर्षा : ऐकू देत. सगळ्या नवागामला ऐकू देत! उद्या आपल्या ख्रिस्ती मंडळीला पंचवीस वर्षं होणार, ही स्मरणिका घरोघर जाणार, आणि त्यांना पुढे बोलावून शाल घालणार. मरमर मरायचं एकीनं आणि हार दुसरीच्या गळ्यात! थांबा, विकासभाईला फोन लावते. सेक्रेटरी झालाय ना, मग सुधारू दे.

धुरपदाबाई : फोन खाले ठेव.

वर्षा : का पण? दर पहिल्या रविवारी दीडशे माणूस तो रस पितं. तो उकळला कुणी, गाळला कुणी? लोकांच्या सुना सासूच्या नावानं बोटं मोडतात. मी तुमच्यासाठी भांडतेय तर मलाच गप्प करता.

धुरपदाबाई : तू भांडस ते माले गोड लागस, खोटं कसाले बोलू? पन ठेव.

वर्षा : नाही ठेवत. हे काय तुमच्या एकटीचं आहे? मामंजी जाऊन अकरा वर्षं झाली, तरी लोक आपल्याला त्यांच्या नावानं ‘दगाचं घर’ म्हणतात. गेल्या महिन्यात तुमच्या लेकाचं, चेतनचं नाव मंडळीचा पंच म्हणून निघालं, तर मागून कोणीतरी बोललंच, ‘दारूच्या घरातला.’ मी ऐकलंय, आत्याबाई. या कानांनी. उद्या एकदा कळू दे, की त्याच घरातून बावीस वर्षं प्रभूच्या मेजावर रस जातोय. तोंडं बंद होतील सगळ्यांची.

धुरपदाबाई : त्यानाकरताच ते लपाडं व्हतं ना पोरी. तुन्हा सासरा दारूनी पोटल्या ईके. पोलीस उनात तो दिन आपला घर प्रार्थना चालू व्हती, बठा लोकेसनी देखं. मंग जुनी पाळकबाई आजारी पडनी. तिनी माले बलाईसन सांगं, ‘धुरपदा, रस आतेपासून तू कर. पन तुन्हा घरना शे समजनं ते लोकं पेणार नहीत. मंगलाबाईना घर पोहचाडी दे, तठून जाऊ दे.’ मी हा म्हनं.

वर्षा : तेव्हाचं तेव्हा. मामंजींनी पुढे सोडला ना तो धंदा? पाळकही दोनदा बदलले. आता कोणापासून लपवायचं?

धुरपदाबाई : कोनपासून नही. सवय व्हई गयी.

वर्षा : मग माझं ऐका. फोन नको, भांडण नको. फक्त या महिन्यात रस देऊ नका. चार वाजता मंगलाबाई बाटल्या न्यायला येतील, त्यांना सांगा, तबियत बराबर नथी. उद्या मेजावर काय जाईल? काहीच नाही. पडदा आपोआप उघडेल.

धुरपदाबाई : ते मोठं पातेलं देख बरं.

वर्षा : रसाचं ना? हे तर... कोरडं आहे. मनुक्यांचा पुडा पण बांधलेलाच. विसरलात?

धुरपदाबाई : इसरनू नही. मुद्दाम. काल सांजले विकासनी गल्लीमा तीच चोपडी दखाडी माले. वाचता येस नही, पन फोटो ते समजस. घर उनू, पुडा हातमा लिधा, आन परत ठी दिधा. तू आते जे बोलनी ना, तेच मन्हा मनमा काल उनं. ‘करू नको धुरपदा. मंग समजी त्यासले.’ बावीस वरीसमा पहिल्यांदा.

वर्षा : मग बरोबरच केलंत!

धुरपदाबाई : काय बराबर? लाज वाटस माले. मंगलाबाईकरता मी करं नही, विकासकरता नही. मंग तिन्हा फोटो देखीसन मन्हा हात कसाले थांबना? ज्यानाकरता करं, त्यानी मन्हं काय वाईट करं? मगन आजोबा दोन महिनापासून खाटलावर शे. उद्या रिक्षामा टाकीसन आनतीन त्याले, प्रभुभोजन लेवाले. त्याना हातमा रिकामी प्याली देसू मी? ऊठ. गॅस पेटाड. गरम पानीमा टाकूत, दोन तासमा फुगतीन.

वर्षा : दार वाजलं. आल्याच बघा, घड्याळ लावून.

मंगलाबाई : सलाम, धुरपदाबाई. काय गं वर्षा, तोंड का असं? बाटल्या भरून झाल्या का?

धुरपदाबाई : नही ताई. आज उशीर शे. बसा.

मंगलाबाई : उशीर? तुमच्याकडे? ...समजले मी. स्मरणिका पाहिलीत.

वर्षा : पाहिली ना. अभिनंदन, टीचर.

मंगलाबाई : बोल, वर्षा. शाळेत तुला मी कमी बोलले नाही, आज तू बोल. विकासनं फोटो मागितला तो महिला मंडळाच्या पानासाठी. खाली काय छापणार, ते मला ठाऊक नव्हतं. पण खोटं त्याच्याही आधीचं आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी एक जण मला म्हणाली, ‘मंगलाबाई, तुमच्या हातच्या रसाला काय गोडी असते हो!’ तेव्हा सांगायला हवं होतं. मी नुसती हसले. पुढे कोणी ना कोणी म्हणत राहिलं आणि मी हसत राहिले. मला ते आवडायचं, धुरपदाबाई. फार आवडायचं. उद्या मी शाल घेणार नाही. माईक हातात घेऊन तुमचं नाव सांगणार आहे.

वर्षा : बस! एवढंच पाहिजे.

धुरपदाबाई : तुम्हनं खरं तुम्ही सांगा ताई, मी कोन अडावनारी? सांगा, ‘मी करस नही.’ पन मन्हं नाव लेवू नका.

मंगलाबाई : असं अर्धं कसं सांगू? लोक विचारतील, मग कोण करतं?

धुरपदाबाई : इचारू द्या. तुम्ही खाले बसी जा.

वर्षा : आत्याबाई, हद्द झाली तुमची! आणि दगाचं घर? चेतन? आमचं काय?

धुरपदाबाई : चेतननं नाव चेतन कमाडी. रातपाळी करीसन बी दर रविवारले सतरंज्या उचलस तो. ज्यासले देखनं ते देखतीन, नही ते नही. प्रभूना रसमा मी घरनं नाव धोनार नही. काल माले समजनं पोरी, नुसता एक फोटो देखीसन मी ते मेज रिकामं ठेवाले तयार झायतू. खांदावर शाल पडनी ते मी काय काय करसू? माले मन्हाच भरोसा नही. रागवनं व्हई ते रागव. नाव सांगानं नही म्हंजे नही.

वर्षा : रागावलेच आहे. ...पाणी किती ठेवू?

धुरपदाबाई : दोन तांबा.

मंगलाबाई : आणि मी? मी काय करू, ते तरी सांगा.

धुरपदाबाई : हात धोवा आन पदर खोसा. मनुका फुगनात का एक एक दाबीसन बी काढना पडस. एक बी राहिनी तरी तुरट लागस. मन्हा आंगठा आते चालस नही. आज देखा, पुढला महिनाले तुम्ही करा, मी आठे बठीसन सांगसू.

मंगलाबाई : मी? बासष्टाव्या वर्षी? अहो, बिघडला म्हणजे? माझ्या हाताची चव वेगळी लागणार, लोकांना लगेच कळेल.

वर्षा : कळू दे की, टीचर. तेवढं तरी कळू दे.

धुरपदाबाई : कोनले समजणार नही. बावीस वरीस मांगली सतरंजीवर बठीसन देखी राह्यनू मी. प्याली व्हटले लागनी, का बठा लोके डोया मिटी लेतस.