कॅरव्हानचं दार

मी ते दार माज आला म्हणून फोडलं, असं कुणी सांगितलं असंल तर खोटं हाय. मी सांगतो, ऐका.

शारजाच्या कंपनीनं वाळवंटातल्या साइटवर आमाला ऱ्हायला दोन नव्या कॅरव्हान दिल्या. चाकावरच्या खोल्याच त्या. दोन्हींची कुलपं पयल्या दिवसापासनं अडकायची, आतला माणूस आतच. कॅरव्हान बनवणाऱ्यांचा वॉरंटीवाला फोनवर म्हणायचा, "हाथ मत लगाना, वॉरंटी खलास हो जायेगी. इन्शाल्ला, कल आता हूं."

पंधरा दिवस त्याचा कल काय आला नाही.

एका दुपारी एकीचा एसी बंद पडला आन् दारबी अडकलं. आत आमचा शिवादादा तापानं पडलेला. सुपरवायझर म्हणाला, "रुको, पहले फोन करता हूं."

आतनं दादा वरडला, "बाळू, फोड रं!" मी परत हाक मारली, तर आवाजच न्हाई. मग मी पहार घातली. दादा वाचला.

दुसऱ्या दिवशी वॉरंटीवाला हजर! दार बघून म्हणतो, "तुमने तोडा. यही लिखूंगा."

सुपरवायझर हळूच म्हणाला, "अब तेरे को गाव भेजेंगे."

माझं डोकं फिरलं, पण हात नाही उचलला. वॉरंटीवाल्याला दुसऱ्या कॅरव्हानपाशी नेला. "इसका लॉक भी वैसाच है. एसी बंद करता हूं. तू अंदर बैठ, मैं दरवाजा खींचता हूं. बिना तोडे बाहर आके दिखा."

त्यानं पायरीवर पाय ठेवला, आत बघितलं, आन् पाय मागं घेतला.

मग गप खाली बसून कागदावर लिवलं, कुलूप पयल्यापासनंच खराब.