उशाशी वाळलेला पुदिना

दातांच्या दवाखान्यात तणनाशकाचा विक्रेता गाल धरून नंबराची वाट बघत होता. शेजारी सासू-सून बोलत होत्या.

"आई, प्रयोग जमला! वाळलेला पुदिना वाटीत घालून तणाचं बी पेरलेल्या डब्यात ठेवला, झाकण लावलं. आत एकही बी उगवलं नाही!"

"बीच मेलेलं असेल."

"प्रयोगशाळेतले साहेबही हेच म्हणाले. मग त्याच बियांचा बिनपुदिन्याचा डबा उघडला. हिरवागार!"

"पाला मातीला लागला असेल."

"शिवलासुद्धा नाही. नुसत्या वासानं केलं! साहेब बघतच राहिले."

"माझ्या उशाशी महिनाभर वाळत घातलेलास, तोच ना?"

"तोच. तुम्ही रोज ओरडायचात."

"आता पोतंभर आण. आणि साहेबांना सांग, पुदिना माझ्या खोलीतला आहे!"

विक्रेत्यानं नमुन्याच्या बाटल्यांची बॅग पायानं हळूच खुर्चीखाली सरकवली.