तीरथगढला ऐकू आलेली सून

कांताबाईंनी नवऱ्याला, भय्याजींना, हुडको वसाहतीतल्या कानाच्या डॉक्टरकडे जवळजवळ ओढूनच आणलं होतं, आणि नंबर लागायच्या आत सटकायचा भय्याजींचा पक्का बेत होता. पण समोरच्या बाकावरचे तेजराम आणि त्यांची बायको नलूबाई इतक्या मोठ्यानं बोलत होते, की कित्येक दिवसांनी भय्याजींना दुसऱ्याच्या घरचं बोलणं सबंध ऐकायला मिळालं.

“तीरथगढले गेलो होतो, वहिनी. पाऊस असा, का धबधबा कोणता अन् आभाळ कोणतं, समजेच नाही!” तेजराम कांताबाईंना सांगत होते.

“भजे भिजले, ते सांगा!”

“भजे जाऊ दे, नलू. पाण्याचा असा आवाज, का सारेच बोंबलून राहिले होते. ‘बाबा, हळू बोला’ म्हणून कोणीच टोकलं नाही मले.”

“यायनं जिंदगीभर कारखान्यात फर्नेसच्या आवाजात ड्यूटी केली, वहिनी. कान तिकडंच ठेवून आले.”

“आमची सून समीक्षा घरात इतकी हळू बोलते, का मले वाटे, रुसलीच हाय. तिथं ओरडली, ‘बाबा, घसराल, माझा हात धरा!’ लग्न होऊन आली तवापासून पहिल्यांदा आवाज ऐकला पोरीचा.”

“मंग?” कांताबाईंनी विचारलं.

“मंग काय, गोड आवाज हाय हो! घरी आल्यावर मीच म्हटलं, चला, कानाची मशीन घेऊ.”

“अन् मी इतके वर्षं म्हणून राहिली होती, तवा?”

“तू म्हणत होती? मले कुठं ऐकू आलं!”

कांताबाई हसल्या, मग भय्याजींकडे वळून काहीतरी पुटपुटल्या.

“काय म्हणली?”

“काई नाही. चला घरी. तुमाले यायचंच नव्हतं ना!”

“बस. आतून आलो का मंग सांग, काय म्हणली ते.”