दोन कोरचा लॅपटॉप अन् अब्बांचं गाव

मी शेळगावची. लग्न होऊन बारामतीत आले तवा मालकांचा फोटो स्टुडिओ होता, अन् लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग माझ्या गळ्यात पडलं. जुना कॉम्प्युटर एका वेळी एकच काम करायचा. कापाकापी झाली, गाणी टाकली, की रेंडरला लावायचं, म्हंजी सगळं जोडून सलग पिक्चर व्हायला, अन् मग दुपारभर त्याला हात लावायचा न्हाय. मी एकदा मधीच पत्त्यांचा गेम उघडला, तर कॉम्प्युटर बंद पडला अन् एका लग्नाची अख्खी हळद परत जोडावी लागली.

तर त्या दुपारी सासरे, अब्बा, शेजारी येऊन बसायचे. त्यांचं गाव भिगवणकडलं, उजनीच्या पाण्यात गेलेलं. काय सांगू तुमाला, ते डोळं मिटून मला गावातनं चालवायचे, ही गावची येस, रेहाना, हितं तेलाचा घाणा, हितं चिंच, पाय जपून टाक, ह्यो दगड हलतो, अन् मी खरंच पाय आखडायची. पाणीबिणी कुठं न्हाय, नुसतं ऊन अन् शेळ्या. रेंडर झालं की म्हणायचे, थांब हितंच, उद्या फुडं, आपलं घर शेवटी दावीन.

मग दोन कोरवाले लॅपटॉप आले. मालक म्हणले, ह्याला दोन डोकी हायती, एक रेंडर करंल, दुसऱ्यावर तू फुडचं लग्न काप. मला लई हौस. अब्बा येऊन इचारायचे, लावलंस का, मी म्हणायची, व्हय, पण हितं दुसरं चाललंय, जरा येळानं बसू. असं येळानं येळानं करत वर्षं गेली, चार कोर आले, आठ आले. ते माझं चुकलंच, अजून जीव तुटतो.

आता अब्बांना काय आठवत न्हाय, मालकांनाबी कवा कवा वळखत न्हाईत. मग दुपारी लॅपटॉप त्याचं काम करतो, मी त्याच्याकडं पाठ करून बसते, अब्बांचा हात धरते अन् त्यांना त्यांच्याच गावात नेते. ही येस, हा घाणा, ही चिंच, अब्बा, पाय जपून. ते पाय आखडत्यात. मशिदीच्या वळणापत्तर मला येतं, त्याच्या फुडं त्यांनी मला कवा नेलंच न्हाय. काल तितं पोचलो तर म्हणले, पोरी, आपलं घर कुठल्या अंगाला. मी म्हणलं, अब्बा, जरा हितंच बसू. बरं म्हणले. अल्ला त्यांना सुखात ठेवो, लई येळ आमी दोघं तितं बसलो.